पोशेऱ्यातला अर्धा र

संगणकाचे यंत्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत त्याच्या सर्व भागांवर देखरेख ठेवणारी, कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यापर्यंत पोहोचवणारी आणि इतर सर्व आज्ञावलींना जागा व वेळ वाटून देणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला कार्यप्रणाली म्हणतात; आणि जिच्या रचनेचा मजकूर कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वाटता येतो, ती मुक्तस्रोत कार्यप्रणाली होय. अशा अनेक कार्यप्रणालींतून नवख्याने कोणती निवडावी, या प्रश्नाचे उत्तर सहसा पडद्याची मांडणी, चित्रखुणा आणि वापरातील सफाई यांची तुलना करून दिले जाते. पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील पोशेरा या गावाकडून त्याच प्रश्नाकडे पाहिले, तर तो निराळा दिसू लागतो, कारण तेथे सोपेपणाची पहिली कसोटी पडद्याच्या देखणेपणाची नसून, त्या यंत्राला गावाचे नाव मराठीच्या नियमाने चालवता येते की नाही, ही आहे. पोशेरा हे नाव विभक्तीत गेले की ‘पोशेऱ्यात’, ‘पोशेऱ्याचा’, ‘पोशेऱ्याहून’ असे होते, आणि या रूपांतला अर्धचंद्रासारखा अर्धा र लिहिणे संगणकाला दीर्घकाळ जमत नव्हते.

मराठीत य पूर्वी येणारा अर्धा र दोन प्रकारांनी लिहिला जातो. मागच्या अक्षरावर आघात येत असेल तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार चढतो, जसा सूर्य किंवा आचार्य या शब्दांत. आघात येत नसेल तर र चे अर्धचंद्राकृती रूप य ला डावीकडून जोडले जाते, जसे वाऱ्यावर, शेतकऱ्यांना, दऱ्या या शब्दांत. मोखाडा तालुक्यातच या दोन्ही प्रकारांची उदाहरणे शेजारी शेजारी नांदतात: सूर्यमाळ या डोंगरावरच्या गावाच्या नावात रफार आहे, आणि पोशेऱ्यात अर्धचंद्र. हा केवळ शुद्धलेखनाचा सोस नव्हे, कारण अर्धचंद्र गमावला की डोंगरांतल्या दऱ्यांचा दर्या म्हणजे समुद्र होतो, आणि स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांना दिलेला निरोप मठातल्या आचार्यांना जातो. हिंदीला या अक्षराची गरज पडत नाही. म्हणून जेथे देवनागरी लिपी संगणकावर आणण्याचे काम हिंदीला समोर ठेवून झाले, तेथे मराठीचा हा र मागे राहिला.

पोशेऱ्याचा मोखाडा आणि शेजारचा जव्हार हे सह्याद्रीच्या माथ्यावरचे व उतारावरचे लगतचे तालुके आहेत. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. पुढे हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात राहिले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर त्याच्या आठ तालुक्यांत गेले. २०११ च्या जनगणनेत मोखाडा तालुक्याची लोकसंख्या सुमारे ८३ हजार होती, आणि तीत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या आदिवासी समाजांचे प्रमाण फार मोठे आहे. येथल्या अनेक घरांतली बोली शाळेतल्या मराठीपेक्षा वेगळी असते, म्हणजे संगणकासमोर बसणारा नवखा आधीच एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आलेला असतो आणि इंग्रजी पडदा त्याला तिसऱ्या भाषेत ढकलतो. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व इतर मजुरीच्या कामांवर बाहेर पडतात, म्हणून शिकण्याचे वर्षही मधूनच तुटते.

साधन नवशिक्याच्या अंगाने घडवले पाहिजे, नवशिक्याला साधनाच्या अंगाने वळवू नये, हा विचार या जिल्ह्यात संगणकाच्या कितीतरी आधी कृतीत उतरला होता. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे प्रयोग केले, त्यांत गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत ओढून आणण्याऐवजी शाळाच गुरांच्या मागे माळावर नेणारी कुरणशाळा होती, आणि पाड्यातल्या अंगणात भरणारी अंगणवाडी होती. मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या इतिहासाला हीच कसोटी लावणे योग्य ठरेल, कारण जिच्या रचनेत बदल करण्याचा हक्क वापरणाऱ्याकडे आहे तीच प्रणाली पाड्यापर्यंत चालत जाऊ शकते. तो हक्क प्रत्यक्षात किती वापरला गेला, हा मात्र वेगळा शोध आहे.

मराठी अक्षर संगणकावर उमटवण्याचे संघटित काम महाराष्ट्रात पुण्यात स्थिरावले. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे तंत्र, ज्याला पुढे जिस्ट हे नाव मिळाले, ते १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आले. संगणकात बसवण्याच्या एका वेगळ्या कार्डाद्वारे, म्हणजे विद्युत-मंडलाच्या फळीद्वारे, पडद्यावर देवनागरी दिसू लागली. इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ मध्ये ठरला होता. त्यात डाव्या हाताला स्वर व मात्रा आणि उजव्या हाताला व्यंजने अशी मांडणी सर्व भारतीय लिप्यांसाठी एकच ठेवली गेली. १९९१ मध्ये इस्की या नावाची भारतीय प्रमाण-संकेतावली मान्य झाली. संकेतावली म्हणजे प्रत्येक अक्षराला दिलेल्या ठराविक क्रमांकांची यादी. संगणक अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो. त्याच वर्षी युनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातला देवनागरीचा भाग इस्कीच्या आधीच्या मसुद्यावर बेतलेला होता.

तरीही पुढची १०-१५ वर्षे व्यवहार चालला तो निराळ्याच मार्गाने. छापखाने, वृत्तपत्रे आणि कचेऱ्या यांनी विकत घेतलेले टंक, म्हणजे अक्षरांच्या आकारांचे संच, वापरले, ज्यांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. कागदावर ते सुरेख छापले जात, पण तीच फाइल तो टंक नसलेल्या यंत्रावर उघडली की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. टंकाची किंमत वेगळी, त्याच्या पहाऱ्यासाठी यंत्राला लावायचे डोंगल वेगळे, आणि एका कंपनीच्या टंकात लिहिलेले दुसऱ्या कंपनीच्या टंकात वाचता येत नाही, अशा स्थितीत तालुक्याच्या गावी मराठी लिहू पाहणाऱ्या नवख्याला कार्यप्रणाली निवडण्याचे स्वातंत्र्यच नव्हते. टंक ज्या प्रणालीवर चालतो ती त्याने घ्यायची, आणि तो टंक बहुधा विंडोजवर चाले.

मुक्त कार्यप्रणालीची चळवळ याच काळात वाढत होती. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स हा गाभा प्रसिद्ध केला. गाभा म्हणजे कार्यप्रणालीचा यंत्राशी थेट बोलणारा आतला भाग. या दोहोंना जोडून, त्यांवर लिहिण्याची, वाचण्याची, चित्रांची साधने बसवून जो वापरण्याजोगा संच तयार होतो, त्याला वितरण म्हणतात. स्लॅकवेअर व डेबियन ही वितरणे १९९३ ची, आणि नव्वदच्या दशकात ती मुंबई-पुण्यातल्या हौशी लोकांपर्यंत पोहोचली ती संगणकविषयक मासिकांबरोबर वाटल्या जाणाऱ्या तबकड्यांतून, कारण दूरध्वनीच्या तारेवरून इतका मजकूर उतरवून घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते. ती बसवताना हार्ड डिस्कचे विभाग स्वतः पाडावे लागत, पडद्याचे मापही कधी कधी हाताने लिहून द्यावे लागे. त्यांना नवख्यांची प्रणाली म्हणणे धाडसाचे झाले असते.

लिपीचा अडसर दूर करण्याचे काम चार-पाच ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी झाले आणि त्यात मुंबई-पुण्याचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, इंडिक्स नावाचा प्रकल्प पडद्यावर अक्षर रंगवणाऱ्या थरातच भारतीय लिप्यांची जोडाक्षरे जुळवण्याचे तंत्र घालत होता. २००० च्या सुमारास उभा राहिलेला इंडलिनक्स हा गट पडद्यावरची निवडसूची भारतीय भाषांत आणण्यासाठी स्वयंसेवक जमवू लागला, तर मुंबईतील इंडिकट्रान्स गटाने गार्गी हा मुक्त परवान्याचा देवनागरी युनिकोड टंक तयार केला. या सगळ्यांत दूरवर पोहोचला तो लोहित. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या टंकनिर्मात्या कंपनीने घडवलेल्या अक्षरांवर आधारलेला हा टंकसंच रेड हॅट या लिनक्स वितरणाच्या कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुला केला, आणि लोहित म्हणजे तांबडा हे त्याचे नाव तिच्या तांबड्या टोपीकडे बोट दाखवते. त्यानंतर फेडोरा असो, डेबियन असो वा उबुंटू, कोणत्याही वितरणावर मराठी वाचण्यासाठी टंक विकत घेण्याची गरज उरली नाही. मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. मुक्त टंकात ती वळणे भाषेप्रमाणे बदलण्याची सोयही हळूहळू आली.

अर्ध्या र साठी युनिकोडने दोन वाटा ठेवल्या. एका वाटेत साधा र, त्याचा पाय मोडणारे चिन्ह आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह लिहावे लागते. दुसऱ्या वाटेत खाली नुक्ता म्हणजे बिंदू असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडला की अर्धचंद्र आपोआप उमटतो. तो ऱ संकेतावलीत मुळात द्राविडी भाषांतला एक उच्चार देवनागरीत दाखवण्यासाठी होता, आणि मराठीने त्याला आपल्या कामाला लावले. ‘ॲ’ या अक्षराची कथाही अशीच आहे. ‘ॲप’, ‘ॲडमिशन’ हे रोजच्या बोलण्यातले शब्द असूनही त्यांच्या आद्याक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये, पाच पूर्णांक एक या आवृत्तीत; त्याआधी अ वर चंद्र चढवण्याची तडजोड करावी लागे आणि ती काही टंकांत विस्कटे.

संकेत आणि टंक यांच्यामध्ये अक्षरे जुळवणारे एक यंत्र लागते, आणि मुक्तस्रोत जगात ते काम आज मुख्यतः हार्फबझ ही आज्ञावली करते. फारसीतील हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडे, यांवरून हे नाव आले आहे. ‘एक हरफही बोलला नाही’ या मराठी वाक्प्रचारातला हरफ तोच. डोळ्याला न दिसणाऱ्या या आज्ञावलीतच सूर्यमाळचा रफार वर चढायचा की पोशेऱ्याचा अर्धचंद्र डावीकडे बसायचा, याचा निर्णय होतो.

अक्षर दिसू लागल्यावर शब्दांचा प्रश्न पुढे आला. ग्नोम आणि केडीई ही पडद्याची मांडणी सांभाळणारी साधने, फायरफॉक्स हा न्याहाळक, ओपनऑफिस हा कचेरीच्या कामांचा संच, या सर्वांतल्या हजारो वाक्यांची मराठी भाषांतरे स्वयंसेवकांनी व पुण्यातल्या काही वेतनी भाषांतरकारांनी केली. फाइल ठेवण्याच्या जागेला कोणी संचयिका म्हटले, फाइललाच कोणी धारिका म्हटले. एकाच पडद्यावर एका गोष्टीची दोन नावे येऊ नयेत म्हणून रेड हॅटने २००८ मध्ये फ्युएल हा प्रकल्प सुरू केला, ज्यात वारंवार येणाऱ्या काही शेकडो शब्दांची प्रमाण यादी प्रत्येक भाषेच्या जाणकारांनी एकत्र बसून ठरवायची होती. हा प्रयत्न मोलाचा होता. तरी एक मत येथे नोंदवणे भाग आहे: तहसील कचेरीत आयुष्यभर ‘फाइल’ ऐकलेल्या माणसाला ‘धारिका’ हा शब्द इंग्रजीइतकाच परका असतो, आणि ज्या भाषांतराने लोकांच्या तोंडची फाइल तशीच ठेवली तेच नवख्याला अधिक जवळचे ठरले. शब्द गावातून उचलून पडद्यावर नेण्याची वाट मुक्तस्रोत प्रणालीत खुली होती, आणि ती पुरेशी चालली गेली नाही.

प्रणाली गावापर्यंत न्यायची कशी, या प्रश्नावर २००० नंतर दोन उपाय निघाले. क्नॉपिक्स या जर्मन वितरणाने संगणकात काहीही न बसवता केवळ तबकडीवरून चालणारी प्रणाली रूढ केली. तबकडी घातली की लिनक्स, काढली की यंत्र पूर्ववत, त्यामुळे शाळेतला एकुलता एक संगणक बिघडवण्याची भीती उरली नाही. उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली आणि तिच्या प्रवर्तक कंपनीने शिपइट या योजनेतून, मागणी करणाऱ्याला टपालखर्चासह विनामूल्य तबकड्या पाठवल्या. ही योजना २०११ मध्ये बंद झाली, पण जेथे तार नव्हती आणि टपाल होते अशा प्रदेशांसाठी तिचे महत्त्व ऐतिहासिक आहे. जानेवारी २००७ मध्ये सी-डॅकने डेबियनवर आधारलेली बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टम सोल्युशन्स, ही भारतीय भाषांची प्रणाली प्रसिद्ध केली आणि शाळांसाठी तिचे एज्युबॉस हे रूप काढले.

नवख्यासाठी प्रणाली मुळापासून नव्याने घडवण्याचा सर्वांत धीट प्रयोग महाराष्ट्रात झाला तो रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट येथे. प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप या अमेरिकेत जन्मलेल्या योजनेला केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये नकार दिला होता. तरी २००७ मध्ये भारतातला तिचा पहिला प्रयोग या डोंगराळ वस्तीतल्या एकशिक्षकी शाळेत, पहिली ते चौथीच्या मोजक्या मुलांबरोबर सुरू झाला. एक्सओ नावाचे ते हिरवे-पांढरे यंत्र ४३३ मेगाहर्ट्झचे, २५६ मेगाबाइट स्मृतीचे आणि १ गिगाबाइट साठवणीचे होते, अत्यल्प विजेवर चाले, आणि त्याचा पडदा उन्हातही वाचता येई. त्यावरची प्रणाली फेडोरावर उभारलेली होती, पण तिचा दर्शनी भाग, ज्याला शुगर म्हणत, इतर सर्व वितरणांपेक्षा निराळा होता. त्यात फाइल नव्हती आणि फाइल ठेवायची संचयिकाही नव्हती. मध्यभागी मुलाची आकृती, भोवती त्याच्या कृती, पलीकडे मित्र, त्यापलीकडे परिसरातली इतर यंत्रे, अशी घर-आळी-गाव या चढत्या वर्तुळांची मांडणी होती, आणि केलेले प्रत्येक काम आपोआप एका रोजनिशीत नोंदले जाई. यंत्रे एकमेकांशी बिनतारी जाळ्याने थेट जोडली जात, त्यामुळे बाहेरचे इंटरनेट नसतानाही दोन मुले एकाच चित्रावर काम करू शकत. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुक्त आज्ञावलीवर काम करणारे नागार्जुन जी. आणि त्यांचे सहकारी या प्रणालीच्या भारतीय वापराचे पुरस्कर्ते होते.

कुरणशाळेचा विचार संगणकाच्या रूपात कोठे उतरला असेल, तर तो शुगरमध्ये. त्याची मर्यादा अशी की तेथे रुळलेले मूल पुढे कचेरीच्या वा परीक्षेच्या संगणकासमोर बसले की पुन्हा नवखेच ठरे, कारण बाहेरचे जग फाइल आणि संचयिका यांवरच चालत होते. २००९ मध्ये शुगर पेनड्राइव्हवरून कोणत्याही जुन्या संगणकावर चालवण्याची सोय निघाली, तरी महाराष्ट्रात तिचा प्रसार थोडाच झाला. याच दशकात केरळने आयटी@स्कूल या २००१ च्या प्रकल्पातून, शिक्षकांना मल्याळममध्ये प्रशिक्षण देत, राज्यभरच्या शाळा मुक्त प्रणालीवर आणल्या. महाराष्ट्रात मात्र प्रौढ नवख्याची पहिली ओळख २००१ पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने घडवली. शासकीय नोकरीसाठी तो आवश्यक ठरल्याने खेड्यापाड्यांतली मुलेही त्याच्याकडे वळली, आणि त्याचा भर विंडोज व तिच्यावरच्या कचेरी-संचावर होता. लोहितची अक्षरे ज्या पुण्यात घडली, त्या पुण्याच्या राज्यातल्या नवख्याला मुक्त प्रणाली शाळेत भेटली नाही, ही गोष्ट खेदाची आहे.

मुक्त प्रणाली शिकवणाऱ्या शिक्षकाच्या अभावाला आयआयटी मुंबईने दिलेले उत्तर अधिक टिकाऊ निघाले. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात उबुंटू, लिबरऑफिस व इतर मुक्त साधनांचे सुमारे दहा मिनिटांचे पाठ तयार होतात, ज्यांत पडदा इंग्रजीच राहतो पण समजावणारा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत असतो, आणि शिकणाऱ्याने पाठ थांबवत तीच कृती शेजारच्या खिडकीत स्वतः करायची असते. पाठ तबकडीवर किंवा पेनड्राइव्हवर नेऊन इंटरनेटच्या जाळ्याविना पाहता येतात, हे पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे.

जाळ्याचा प्रश्न त्याच संस्थेतल्या ग्राम मार्ग या प्रकल्पाने थेट पालघर जिल्ह्यात हाती घेतला. दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या १५ वाहिन्यांपैकी किमान १२ देशात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या असतात, असे या गटाच्या अभ्यासात दिसले. या लहरी झाडीतून व उंचसखल भागातून तुलनेने चांगल्या जातात, म्हणून त्यांवरून खामलोली व आसपासच्या गावांत इंटरनेट नेण्याचा प्रयोग झाला. कोणत्या ठिकाणी कोणती वाहिनी मोकळी आहे हे सांगणारी ओपनपॉज ही प्रणालीही त्यांनी मुक्तस्रोत ठेवली, आणि २०१७ मध्ये फायरफॉक्स घडवणाऱ्या मोझिला संस्थेच्या स्पर्धेत या कामाचा गौरव झाला.

दरम्यान नवख्याची निवड त्याच्या नकळत होऊन गेली होती. २००८ मध्ये बाजारात आलेली अँड्रॉइड ही फोनची प्रणाली लिनक्सच्याच गाभ्यावर उभी आहे. तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरे विस्कटत असत, २०११ च्या चौथ्या आवृत्तीपासून ती सुधारली, आणि आज तिच्यातही अक्षर जुळवण्याचे काम हार्फबझच करते. स्वस्त फोन घेणारा माणूस हाती पडलेल्या प्रणालीबरोबर मुक्त गाभाही घेऊन जातो, पण तिच्यात बदल करण्याचा हक्क त्याच्या हाती क्वचितच उरतो, कारण वरचे थर बहुधा बंद असतात.

संगणकाच्या बाबतीत निवडीचा हा प्रश्न नव्याने उभा राहिला तो विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर, कारण पुढची आवृत्ती असंख्य जुन्या यंत्रांवर बसत नाही. शाळेत वा ग्रामपंचायतीत पडून असलेल्या अशा यंत्रासाठी एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी ही हलकी मांडणी असलेले वितरण योग्य ठरते. मात्र फार जुन्या, ३२ बिटांच्या यंत्रांची वाट अरुंद होत चालली आहे: उबुंटूने २०१७ मध्ये आणि डेबियनने ऑगस्ट २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत त्यांच्यासाठी बसवणीचा संच देणे थांबवले. डेबियन बसवताना पहिल्याच पडद्यावर भाषा म्हणून मराठी निवडता येते, आणि पुढचे प्रश्न मराठीतच विचारले जातात.

इन्स्क्रिप्ट कळफलकावर उजव्या तर्जनीखाली र असतो, आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ऱ उमटतो. प, ओकाराची मात्रा, श, एकाराची मात्रा, ऱ, पाय मोडण्याचे चिन्ह, य, काना, त, अशा नऊ कळा क्रमाने दाबल्या की पडद्यावर ‘पोशेऱ्यात’ हा शब्द येतो, अर्धचंद्रासह.